पोपटीचं मडकं आणि दोन फूट जागा

पंधरा तारखेला मतदान झालं, सोळाला मतमोजणी. महिनाभर प्रचारसभा, रुसवेफुगवे, पत्रकार परिषदा आणि वडापाव यांवर काढल्यावर शनिवार-रविवार मी फोन बाजूला ठेवला. 'निकालावर लिहा' म्हणून बऱ्याच जणांचे मेसेज आलेत. निकालावर लिहिणारे भरपूर आहेत. मी आज जेवणावर लिहिणार आहे. पण शेवटपर्यंत वाचा मंडळी, कारण विषय फिरून महापालिकेवरच येतो.

झालं असं की, आमच्या लेकीला बेकिंगचा नाद आहे. लॉकडाऊनमध्ये घराघरात जो ओटीजी आला, तो आमच्याकडे अजून रोज चालतो. तिने या वेळी घरात जाहीर केलं, की रविवारी पोपटी आणि केक, आणि दोन्हींतलं सामान शक्य तितकं पनवेलच्या आसपासचं. म्हणजे आपला तालुका, आणि फार तर पेण, उरण, कर्जत, अलिबाग. कॉलेजात कुठलासा प्रोजेक्ट आहे म्हणे, 'लोकल फूड'वर. मी म्हटलं, ठीक आहे, पिशवी दे.

एवढं सोपं वाटलं होतं. पण दोन दिवसांत जे दिसलं, ते मला एखाद्या दौऱ्यात दिसलं नसतं.

आधी जे बाहेरून कधी इथे आलेले आहेत आणि पोपटी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी. कामोठे, खारघर, करंजाडे इथे राहायला आलेले खूप वाचक आहेत, म्हणून सांगतो. थंडी पडली, की रायगडात वालाच्या शेंगा येतात. मातीचं मडकं घ्यायचं. तळाशी भांबुर्ड्याचा पाला. त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा. मधल्या थरात बटाटे, रताळी, अंडी, आणि खाणाऱ्यांसाठी मसाला लावून केळीच्या पानात बांधलेलं चिकन. पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी भांबुर्डा गच्च दाबून बसवायचा. मग मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. आत पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावर सगळं शिजतं आणि भांबुर्ड्याचा उग्र वास शेंगांना लागतो. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. चर्र आवाज होऊन पाणी लगेच उडालं, की पोपटी झाली.

लेक म्हणते, बाबा, हे बेकिंगच आहे. बरोबरच आहे तिचं. आपल्याकडे ओव्हन नव्हता असं आपण समजतो, पण कोकणात भानोलं, धोंडस हे पदार्थ वर्षानुवर्षं भाजूनच होत आले. पातेलं चुलीवर, वर झाकण, आणि झाकणावर निखारे. खालून धग, वरून धग. ओटीजीत वर-खाली दोन दांड्या तापतात, त्याच कामाला आपल्या आज्या निखारे वापरत होत्या. फरक इतकाच, की त्यांच्याकडे तापमानाचं बटण नव्हतं, हाताचा अंदाज होता.

तर शनिवारी सकाळी साडेसातला मी उरण नाक्याच्या बाजारात.

पहिली खरेदी शेंगांची. शेंगांचे ढीग हल्ली सगळीकडे दिसतात, पण सगळ्या शेंगा इथल्या नसतात. मोठ्या, गुळगुळीत, एकसारख्या शेंगा बाहेरून येतात. त्यात वाईट काही नाही, भाजीला चालतात. पण पोपटीला गावठी वाल लागतो. शेंग लहान, जराशी वाकडी, सालीला चिकटपणा, आणि हाताला वास राहतो. तो ज्यांच्याकडे मिळाला, त्या मावशी बाजाराच्या ओट्यावर नव्हत्या. कोपऱ्यावर, दोन दुकानांच्या मधल्या फटीत बसल्या होत्या. पुढ्यात एक गोणपाट, त्यावर शेंगा, एक लाल भोपळा, थोडी बोरं, आणि बाजूला भांबुर्ड्याच्या दोन जुड्या.

भांबुर्डा विकायला आलेला पाहून मला गंमत वाटली. आमच्या लहानपणी तो कुणी विकत घेत नसे. भात कापल्यावर बांधावर, पडीक तुकड्यात तो आपोआप उगवायचा. पोपटी लावताना कुणातरी पोराला पिटाळायचं, 'जा रे, पाला घेऊन ये.' आता जुडी वीस रुपये.

"दादा, पाला घ्या, ह्याच्याशिवाय पोपटी होत नाय," मावशी म्हणाल्या.

"माहितीये मावशी. पण पूर्वी फुकट मिळायचा ना?"

"पूर्वी शेत पण होतं ना दादा."

एवढं बोलून त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मी इतक्या वर्षांत पुनर्वसन, भूसंपादन, विकास आराखडा यांवर किती बातम्या केल्या असतील. पण इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

शेंगा एकशेवीस रुपये किलो. दोन किलो घेतल्या. घासाघीस केली नाही. भोपळ्याची फोड घेतली. मग विचारलं, कुठून येता. धोदाणी-मालडुंग्याच्या बाजूला वाडी आहे. प्रबळगड, माथेरानच्या पायथ्याचा हा पट्टा. पहाटे चारला उठायचं, डोक्यावर ओझं घेऊन रस्त्यापर्यंत यायचं आणि पहिली गाडी पकडायची. माल संपला, की परत. संपला नाही, तर दुपारी मिळेल त्या भावात द्यायचा, कारण परतीच्या गाडीत ओझं नेणं परवडत नाही. बसायची जागा ठरलेली नाही. दुकानदार म्हणतो दारात नको, रिक्षावाला म्हणतो वळणावर नको, चालणारे म्हणतात फुटपाथवर नको. त्यांच्यापैकी कुणीही चुकीचं बोलत नाही, हेही खरं. गोणपाटाची चारही टोकं दोरीने बांधलेली होती. का, ते विचारावं लागलं नाही. उठ म्हटलं, की एका झटक्यात गाठोडं होतं.

पुढे अंडी. गावठी, पंधराला एक. तीही अशाच एका ताईंकडून, त्या पेणकडून आल्या होत्या. मातीचं मडकं कुंभाराकडून. ते मात्र दुकानात नाही, ओळखीनेच मिळालं. मिरची गल्लीत मसाला घेतला. मसाला दळलेला इथला, मिरची बाहेरची. अलिबागचा पांढरा कांदा हवा होता, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्याच्या माळा अजून बाजारात लागायच्या होत्या.

तांदूळ मात्र घरात होता. आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत, खाडीच्या बाजूला त्यांची थोडी जमीन उरली आहे. दरवर्षी त्यांच्याकडून दोन पोती घेतो. आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पनवेलमध्ये जन्म काढलेल्या लोकांनाही ती माहीत नसते. आपल्या शहराच्या नावाचा तांदूळ आहे. 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' अशा भाताच्या जाती आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे, तिथे त्या तयार झाल्या. खाडीचं पाणी शिरून खारट झालेल्या जमिनीत साधं भात तग धरत नाही, या जाती धरतात. शेजारी कर्जतच्या केंद्राने 'कर्जत' नावाच्या जाती दिल्या. म्हणजे कोल्हापूरला चप्पल, पैठणला पैठणी, तसं पनवेलच्या नावाने भाताचं बियाणं. कुठल्या स्वागत कमानीवर हे लिहिलेलं तुम्ही पाहिलंत? मी नाही.

संध्याकाळी लेकीने टेबलावर सगळं मांडून दोन ढीग केले. इथलं आणि बाहेरचं. इथल्या ढिगात तांदळाचं पीठ, शेंगा, पाला, भोपळा, अंडी, नारळ (तो अलिबागकडचा), बोरं. बाहेरच्या ढिगात साखर, गूळ, तेल, बटाटे, मैदा, बेकिंग पावडर, मिरची. तिला वाईट वाटलं. मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस. बटाटा इथे कधीच पिकत नव्हता, गूळ आपल्याकडे घाटावरूनच यायचा. सगळं गावातच पिकावं हा हट्ट कुणाच्याच आजीने केला नव्हता. पनवेल तर व्यापाराचं गाव. बंदर होतं, घाटावरचा माल इथूनच उतरायचा. बाहेरचं खाणं यात काही कमीपणा नाही. प्रश्न इतकाच, की जे इथे पिकत होतं ते अजून पिकतंय का, आणि पिकलं तर ते आपल्यापर्यंत पोचतंय का.

रविवारी पोपटी लावायला आम्ही मित्राच्या घरी गेलो. त्याचं गाव २०१६ साली नगरपालिकेसोबत महापालिकेत आलेल्या २९ गावांपैकी एक. घर गावठाणात आहे, मागे थोडी मोकळी जागा. त्या जागेपलीकडे पूर्वी भाताची खाचरं होती. आता भराव आहे आणि भरावावर प्लॉटचे दगड रोवलेत. त्याने स्वतःच विकली आहे जमीन. पोरांची शिक्षणं झाली, बहिणीचं लग्न झालं, गाडी आली. त्याला दोष द्यायला मी कोण? भाताच्या भावात आणि जमिनीच्या भावात जे अंतर आहे, ते पाहून त्याच्या जागी तुम्ही-मीही विकलीच असती.

पण मडकं भरताना तोच म्हणाला, "गेल्या वर्षापर्यंत शेंगा मागच्या मागे तोडायचो. या वर्षी तू आणल्यास."

इथे जरा शेतीचं समजून घ्या, कारण सगळा मुद्दा यात आहे. वाल हे वेगळ्या शेतात होणारं पीक नाही. भात पावसाळ्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भात कापलं, की त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. वरून पाणी द्यावं लागत नाही. जमिनीची ओल आणि रात्रीचं दव, एवढ्यावर तो वाढतो. शिवाय कडधान्य असल्यामुळे हवेतलं नत्र मुळांतल्या गाठींत साठवतो, म्हणजे पुढच्या भाताला खत आपोआप. बांधावर भांबुर्डा उगवतो. भाताचा पेंढा सरपणाला. म्हणजे भात, वाल, पाला आणि जाळ, हे सगळं एकाच खाचराचं. खाचरात भराव पडला, की चारही गोष्टी एकदम जातात. पोपटी हा पदार्थ कुणी पुस्तकात शोधून काढलेला नाही, तो त्या शेताचा हिशेब आहे.

आईला खुर्ची टाकून दिली होती. तिचं माहेर विमानतळात गेलेल्या दहा गावांपैकी एक. ती जाळाकडे बघत होती, आणि वरून विमान गेलं. २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली, तेव्हापासून ती दर विमानाला मान वर करते. मला वाटलं रागाने बघत असेल. विचारलं, तर म्हणाली, "राग कसला रे, माझा नातू बसेल की त्यात कधीतरी. पण तिथे आमचा वाल असा यायचा, की शेंगा सोलून बोटं काळी व्हायची."

तेवढं बोलून ती पुन्हा शेंगा निवडायला लागली.

हे मी विकासाच्या विरोधात लिहीत नाहीये, हे स्पष्ट सांगतो. १९७० साली सिडको आली, नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ला जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. यंदा मतमोजणी नेमकी १६ जानेवारीला होती. गुलालाच्या गडबडीत किती जणांना ती तारीख आठवली, ते ज्याचं त्याने बघावं. २०१३ साली 'नैना' क्षेत्र जाहीर झालं आणि उरलेला बराचसा तालुका नियोजनाच्या नकाशात आला. विमानतळ झाला, त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं. रस्ते झाले, नोकऱ्या येतील. ह्या सगळ्याचा फायदा मीही घेतो. माझा फ्लॅटही कुणाच्या तरी खाचरावरच उभा आहे.

पण एक विचित्र गोष्ट बघा. जसजशी शेतं कमी झाली, तसतशा पोपटी पार्ट्या वाढल्या. फार्महाऊसवर पोपटी, रिसॉर्टवर पोपटी, माणशी दर, डीजेसह. मला त्यात वावगं वाटत नाही. चार स्थानिक पोरांना काम मिळतं, मुंबईच्या माणसाला रायगडची चव कळते. फक्त एवढंच, की त्या मडक्यात शेंगा कुठल्या आणि पाला कुणी तोडला, हे कुणी विचारत नाही. 'ऑथेंटिक'ची जाहिरात करणाऱ्याच्या आणि गोणपाटाची टोकं दोरीने बांधून बसणाऱ्या मावशींच्या मधे काही रस्ता असायला हवा की नको?

पोपटी झकास झाली, हे वेगळं सांगायला नको. मडकं उलटं केल्यावर जी वाफ येते, तिच्यासाठी माणूस वर्षभर थांबतो. सहा जणांनी दोन किलो शेंगा कधी संपवल्या, कळलं नाही. चिकन उरलं, शेंगा उरल्या नाहीत.

केकची गोष्ट जरा वेगळी. लेकीने मैदा घालायचा नाही असं ठरवलं. तांदळाचं पीठ, भोपळ्याचा वाफवलेला गर, नारळाचं दूध, गूळ, अंडी. तांदळात गव्हातलं ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ धरून ठेवायचं सगळं काम अंड्यांवर पडतं. पहिला केक मधे खचला. दुसऱ्यात तिने एक अंडं वाढवलं, पीठ रात्रभर भिजवून ठेवलं, आच कमी केली. तो बसला नीट. मऊ बेकरीच्या केकसारखा नाही, थोडा दाट, घारग्याची आठवण करून देणारा. आई म्हणाली, "हे आमचं धोंडसच आहे, फक्त काकडीच्या जागी भोपळा." पोरीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. यूट्यूबवरून शिकलेली गोष्ट आजीच्या घरात आधीच होती.

आता मुद्द्यावर येतो.

इथलं खायचं, तर दोन जागा लागतात. एक, पिकवायला जमीन. दुसरी, विकायला जागा. पहिलीचा प्रश्न मोठा आहे, तो एका पोस्टमध्ये सुटणारा नाही, आणि तो महापालिकेच्या एकट्याच्या हातातलाही नाही. पण दुसरी? दोन फूट बाय तीन फूट. एक गोणपाट मावेल एवढी. ती तर शहराच्या हातात आहे.

आणि त्यासाठी कायदा आहे. संसदेने २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. बऱ्याच जणांना वाटतं, तो फक्त फेरीवाल्यांना हटवण्याचा किंवा न हटवण्याचा कायदा आहे. वाचलात तर त्यात पुष्कळ काही आहे. दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत बसलेल्या कुणाला उठवायचं नाही. जागा बदलायची तर तीस दिवसांची नोटीस द्यायची. नगर पथविक्रेता समिती नेमायची, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले, आणि त्यांच्यातल्या किमान एक तृतीयांश महिला. 'नैसर्गिक बाजार', म्हणजे वर्षानुवर्षं जिथे विकणारे-घेणारे आपोआप जमतात अशी जागा, सर्वेक्षणात नोंदली गेली, की ती ना-विक्री क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही.

दुसरी बाजूही कायद्यातच आहे. विक्रेत्यांची संख्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंतच सामावायची आहे. म्हणजे कुणीही कुठेही बसावं असं तो म्हणत नाही. फुटपाथवर चालायचा हक्क माझ्या आईलाही आहे, गुडघे दुखत असताना तिला गाड्यांमधून चालायला लावणं हाही अन्यायच. म्हणूनच तर जागा ठरवून द्यायची. ठरवली नाही, की चालणारा आणि विकणारी यांचं भांडण लागतं, आणि दोघंही गरीब असतात.

शिवाय २०१६च्या जुलैत राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. त्याच वर्षी शेतकऱ्यांच्या आठवडे बाजारांचं अभियानही सुरू झालं. म्हणजे शेतकऱ्याने थेट शहरात येऊन विकायला कायद्याची आडकाठी नाही. अडचण आहे ती बसायच्या जागेची.

आता अडचण कुठे येते, ते सांगतो. वाडीवरून येणाऱ्या ह्या मावश्या रोज येत नाहीत. माल असेल तेव्हाच येतात. त्यांचा पत्ता शहरातला नाही. सर्वेक्षण ज्या दिवशी होईल, त्या दिवशी त्या जागेवर असतीलच असं नाही. त्यांचं दुकान हंगामावर चालतं. आत्ता वाल आणि बोरं. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, कैऱ्या. पहिला पाऊस पडला, की शेवळं. मग टाकळा, कुर्डू, कंटोली. बारा महिने एकाच जागी एकच माल विकणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून फॉर्म बनवला, तर ह्या बायका त्यात बसतच नाहीत. आणि कागदावर नसलेल्या माणसाला उठवणं सगळ्यात सोपं असतं.

२०२२पासून आपल्याकडे प्रशासक होते. आता निवडून आलेले ७८ लोक आहेत. कुठल्या पक्षाचे किती, यात मला आत्ता रस नाही. सगळ्यांनी मिळून तीन गोष्टी कराव्यात, एवढंच म्हणणं आहे.

पहिली. प्रत्येक प्रभागात एक जागा, शनिवार-रविवार सकाळी सहा ते अकरा, फक्त स्वतः पिकवलेला किंवा रानातून आणलेला माल विकणाऱ्यांसाठी. शाळेचं मैदान, बंद पडलेलं पार्किंग, एखादा मोकळा राखीव भूखंड, काहीही चालेल. अकरानंतर झाडून मोकळी. प्रभाग वीस आहेत. वीस जागा सापडणार नाहीत असं म्हणू नका. प्रचाराच्या मंडपांना महिनाभर जागा सापडल्या होत्या.

दुसरी. सर्वेक्षणात हंगामी विक्रेत्या म्हणून वाड्यांवरच्या बायकांची वेगळी नोंद व्हावी. त्यासाठी त्यांना शहरात बोलवायची गरज नाही. दोन कर्मचारी दोन दिवस वाड्यांवर गेले, तर काम होईल. मतदान केंद्रं डोंगरावरच्या वाड्यांपर्यंत जातात, मग हेही जमेल.

तिसरी. त्या जागेवर पिण्याचं पाणी, सावली आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. पहाटे चारला घर सोडलेली बाई दुपारी दोनपर्यंत काय करते, हा प्रश्न बैठकीत पुरुष विचारत नाहीत. मीही तो लेकीने विचारल्यावर लिहितोय.

यात कुठेही मोठं टेंडर नाही, म्हणून कदाचित कुणाला उत्साह वाटणार नाही. पण १८५२ साली नगरपालिका झालेलं हे गाव आहे. आपल्या आधी कितीतरी पिढ्यांनी इथे बाजार वसवला, घाटावरच्या आणि खाडीवरच्या माणसाला बसायला जागा दिली. वीस गोणपाटांची व्यवस्था आपल्याला जड जाऊ नये.

आणि आपण? आपण वाचणाऱ्यांनी काय करायचं? मॉलमध्ये ट्रेवर चिकटवलेला दर मुकाट देतो आणि गोणपाटापुढे दहा रुपयांसाठी अडून बसतो, तेवढं थांबवलं तरी पुरे. सुट्टे पैसे जवळ ठेवा, प्रत्येकीकडे क्यूआर कोड नसतो. कापडी पिशवी न्या. कुठून आलात, हे विचारा. ओळख झाली, की ती बाई पुढच्या आठवड्याला तुमच्यासाठी चांगल्यातल्या शेंगा बाजूला काढून ठेवते. हा अनुभव कुठल्याही दहा मिनिटांत डिलिव्हरी देणाऱ्या अ‍ॅपवर नाही.

तुमच्या प्रभागात जे निवडून आलेत, त्यांचे नंबर प्रचाराच्या पत्रकांवर छापलेले आहेत. पत्रकं रद्दीत घालायच्या आधी एक फोन करा. अभिनंदन करा, आणि विचारा, 'आमच्या भागात शेंगावाल्या मावशींनी बसायचं कुठे?' उत्तर काय मिळालं ते लिहून ठेवा, तारीख घालून. पाच वर्षांनी कामाला येईल.

वालाच्या शेंगा अजून महिनाभर आहेत. महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला आहे, तोवर तरी मिळतील. मग शेंगा वाळतात, कडव्या वालाच्या पोत्यांत जातात, आणि पोपटीचा मोसम संपतो. त्यानंतर मे महिन्यात करवंदांच्या पाट्या येतील. तेव्हा त्या मावशी कुठे बसल्यात, हे मी जाऊन बघणार आहे आणि इथेच लिहिणार आहे.